ओठ लावून

आमच्या घरात भांड्याला कोणी ओठ लावत नसे. पाणी, ताक, पन्हं, सरबत, जे काही पातळ असेल ते वरून प्यायचं. मान मागे टाकायची, फुलपात्र ओठांपासून चार बोटं वर धरायचं आणि धार सरळ घशात सोडायची. धाकटा मधू हे शिकेपर्यंत ठसक्यानं बेजार झाला होता आणि त्याच्या सदऱ्यांचे गळे कायम ओले असत. ओठ लावलेलं भांडं उष्टं, उष्टं भांडं वेगळं ठेवायचं, वेगळं घासायचं, आणि ज्यानं ते उष्टं केलं त्यानं चार शब्द ऐकून घ्यायचे. चहाला मात्र सूट होती, कारण अण्णांना चहा बशीतून फुरके मारत लागे. नियम करणाऱ्याला एवढी सवलत असतेच. बाहेरचं कोणी आलं आणि भांडं तोंडाला लावून पाणी प्यालं, तर अण्णा समोर काही बोलत नसत, पण पाहुणा जिना उतरला की म्हणत, "गृहस्थ चांगले आहेत, पण भांड्याला तोंड लावतात." त्या 'पण'नंतर त्या गृहस्थांचं आमच्या घरात फारसं काही उरत नसे.

सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. खाली टाइपरायटिंगचा क्लास, त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत पायाखाली टकटक चालू असे आणि ओळ संपल्याची घंटी वाजे. आईची कामं त्या घंटीवर चालत असं मला वाटायचं. अण्णा सरकारी कचेरीत कारकून होते. उन्हाळ्यात ते सायकल जिन्याखाली लावून वर येत, तेव्हा आईनं पितळी पातेल्यात सरबत करून ठेवलेलं असे. मंडईतली पातळ सालीची कागदी लिंबं, माठातलं पाणी, चवीपुरतं मीठ, वेलदोडा आणि साखर. साखर किती, तर चमचा उभा राहील इतकी, कारण अण्णांना तसं आवडे. त्यांचं झालं की मधूला, मग मला. आणि शेवटी आई त्या रिकाम्या पातेल्यात थोडं पाणी घालून ते गोल फिरवी, तळाशी राहिलेली साखर आणि चुकून पडलेल्या बिया सुटतील असं, आणि ते विसळण वरून पिऊन टाकी. टाकून कसं द्यायचं, म्हणून. हे रोज माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मला त्यात काहीच दिसत नव्हतं. पातेलं विसळायची ती पद्धतच आहे असं मी धरून चालले होते.

त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच खोलीत नलूताई राहायला आल्या. त्या अमरावतीकडच्या. मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवायच्या, एकट्या राहायच्या आणि त्याबद्दल कोणाला काही समजावून सांगायच्या नाहीत, त्यामुळे इमारतीतल्या बायका जरा बिचकूनच होत्या. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी इमारतीतल्या मुलांना सकाळी गच्चीवर जमवायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं, नाच-गाणी असतील. पहिल्या दिवशी त्यांनी चटईवर भांडी मांडली आणि प्रत्येकाला नुसतं पाणी दिलं. एक नळाचं, एक माठातलं, एक रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं. "सांगा पोट्टेहो, कसं लागून राहिलं?" 'लागून राहिलं' ऐकून आम्ही खिदळलो. त्या शांतपणे थांबल्या. आमचं हसणं संपल्यावर म्हणाल्या, "झालं? आता पाण्याचं सांगा. अमरावतीत आम्ही असं पाणी दिवाळीला पाहुण्यांना दिलं असतं. तुम्हाला खडकवासला रोज नळातून भेटतो, म्हणून जीभ आळशी झाली तुमची."

दुसऱ्या दिवसापासून लिंबू. लिंबू आधी हातात घ्यायचं. डोळे मिटून त्याचं देठ कुठे आहे ते अंगठ्यानं शोधायचं. फरशीवर तळव्याखाली गोल गोल फिरवायचं, म्हणजे ते मऊ पडतं. साल नखानं खरवडून वास घ्यायचा, मग तेच बोट चाटून बघायचं, म्हणजे वास एवढा गोड असूनही चव कडू कशी, ते कळतं. मग कापायचं आणि आपल्या हातानं पिळायचं. माझ्या बोटाला सुई टोचलेली होती, तिथे रस गेला आणि मी कळवळले. नलूताई म्हणाल्या, "बघ, तुझ्या बोटालाही चव कळली." त्यांचे नियम दोनच. 'छान' म्हणायचं नाही आणि 'शी' म्हणायचं नाही. "छान म्हणजे उत्तर नाही. छान म्हणजे पिच्छा सोडवणं. काय लागलं, कुठं लागलं, ते सांगा." मग कोणी सांगे कपाळात लागलं, कोणी सांगे कानामागे लागलं, आणि मधू म्हणाला, दातांना थंडी वाजली. त्या सगळ्यांना मान डोलावत.

माझी पाळी आली तेव्हा मी सवयीनं मान मागे टाकली आणि लिंबूपाण्याचा पेला वरून रिकामा केला. मला वाटलं, किती सफाईनं प्याले. नलूताईंनी विचारलं, "कसं लागलं?" मला सांगताच येईना. थंड होतं, एवढंच कळलं होतं. "अगं, ते तर थेट विहिरीत पडलं," त्या म्हणाल्या. "जिभेची आणि त्याची भेटच झाली नाही. काहून वरून पितेस?" मी म्हटलं, "उष्टं होतं." "हा तुझा पेला. तुझ्याशिवाय कोणी त्याला हात लावणार नाही. लाव ओठ." मी आजूबाजूला पाहिलं. मग पेल्याच्या काठाला ओठ लावले. धातूचा थंड काठ पहिल्यांदा ओठांना लागला आणि घोट जिभेवर येऊन थांबला. त्याला थांबवता येतं हेच मला माहीत नव्हतं. आधी आंबट आलं, कडेकडेनं, मग जबड्याखाली ओढल्यासारखं झालं, आणि सगळं गिळून झाल्यावर मागे सालीचा किंचित कडवटपणा उरला. मी हे सगळं सांगितलं. एवढं सलग मी तोवर कोणासमोर बोलले नव्हते. दहा वर्षं तोंडात जीभ बाळगून मी ती नुसती पाठांतराला वापरली होती, याचा मला तिथल्या तिथे राग आला, आणि तो राग, खरं सांगायचं तर, अजून पुरता गेलेला नाही.

त्याच संध्याकाळी घरी मी सरबताचं फुलपात्र तोंडाला लावलं. मुद्दाम लावलं. चुकून झालं असं मी तेव्हाही म्हणाले नाही आणि आताही म्हणणार नाही. घोट तोंडात धरून बसले.

अण्णा बघत होते. "काय गं, त्यात काय शोधते आहेस?"

"लिंबू," मी म्हणाले. "साखर इतकी आहे की लिंबू सापडत नाही."

मधू हसला आणि लगेच गप्प झाला. अण्णांनी आपलं फुलपात्र खाली ठेवलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे, उलट ते 'आपण' म्हणायला लागले की आम्ही ओळखायचो. "वा. आपण परीक्षक कधीपासून झालात? लिंबू चाखायला शिकवणी लागते हे आम्हाला माहीत नव्हतं. आता श्वास घ्यायचा क्लास निघाला की तोही लावू."

"मी फक्त चव सांगितली."

"पानात पडेल ते मुकाट्यानं खायचं. अन्नाला नावं ठेवायची नाहीत. आणि भांडं उष्टं केलंस."

"माझंच आहे. मीच घासते."

"घास. आणि उद्यापासून वर त्या बाईंच्या क्लासला जायचं नाही. त्यांना म्हणावं, आधी मराठी शिका, मग मुलांना शिकवा."

मी रडले नाही. मोरीत बसून चिंचेनं ते फुलपात्र घासत राहिले, त्यात तोंड दिसेपर्यंत. आई पाणी घ्यायला आली, माझ्यामागे उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "खरंच लिंबू सापडत नव्हतं?"

"नाही."

"हं," ती म्हणाली आणि तांब्या भरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांची सायकल गल्लीच्या टोकाला वळली नसेल तोच आईनं हाक मारली. "विजू, वर कुरडया घातल्यात. कावळे टपलेले आहेत. जा, राखायला बस."

मी म्हटलं, "अण्णांनी वर जाऊ नको म्हणून सांगितलंय."

"त्यांनी क्लासला जाऊ नको म्हणून सांगितलंय. कुरडया राखू नको म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. मी हातात काठी घेतली आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे जेवढं वाळवण झालं तेवढं पुन्हा कधी झालं नाही. कुरडया वाळल्या तर साबुदाण्याच्या चकल्या, त्या वाळल्या तर बटाट्याचा कीस, मग पोह्याचे पापड, मग पुन्हा कुरडया. अण्णा एकदा म्हणाले, "आपण दुकान काढतो आहोत का?" आई म्हणाली, "पावसाळा मोठा आहे म्हणतात." नलूताईंनी काही न विचारता आपली चटई आमच्या पसरलेल्या धोतराच्या शेजारी सरकवली होती. मी एका हातानं कावळे हाकत होते आणि दुसऱ्या हातातला पेला तोंडाला लावत होते. साखर आधी घातली तर काय, मीठ आधी घातलं तर काय. मिठाची एक चिमूट पडली की साखर कशी उठून बसते. डोळ्यांवर रुमाल बांधून, कोणता पेला कोणी केला ते ओळखायचं, आणि ओळखताही येई, कारण मधूच्या सरबतात बिया असत आणि शेजारच्या छबीच्या सरबतात वेलदोड्याशिवाय काही नसे. आणि मागे पाण्याच्या टाकीच्या सावलीत आई बसलेली असे. खालची कामं उरकून ती रोज वर येऊ लागली होती. पदर डोक्यावर घेऊन, पाठ आमच्याकडे करून, कुरडया उलटत. एकच कुरडई ती कितीदा उलटते आहे, हे बघायचं माझं वय नव्हतं.

आता मी सत्तरीला टेकले आहे आणि सुट्टीत आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मुलांना जमवून हेच करते. लिंबं, मीठ, साखर, पाणी, पेले. माझ्याकडे 'यम्मी' आणि 'याक' या दोन शब्दांना बंदी आहे. पहिल्या दिवशी मुलं गोंधळतात, कारण ते दोन काढून घेतले की बऱ्याच जणांकडे बोलायला काही उरत नाही. बाटलीतलं पिवळं पाणी पिऊन वाढलेली ही मुलं, बी बघून विचारतात, "आजी, हे अलाऊड आहे का?" मागच्या महिन्यात सेक्रेटरींनी मोबाइलवर ग्रुपमध्ये लिहिलं, की लिंबाच्या रसानं टेबलांवर डाग पडतात आणि काही पालकांच्या मते मुलं घरी येऊन जेवणावर कॉमेंट्स करतात, तरी हा उपक्रम थांबवावा. मी लिहिलं, टेबलं पुसून देते, कॉमेंट्स मात्र पुसता येणार नाहीत. कोणीतरी त्यावर अंगठा टाकला. दुसऱ्या दिवशी मी किल्ली मागायला गेले. सेक्रेटरींनी ती दिली, आणि नसती दिली तरी मी पार्किंगमध्ये चटई टाकली असती.

त्या उन्हाळ्यात, क्लासच्या शेवटच्या दिवशी नलूताईंनी सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं. रविवार होता. आमच्या दारात त्या स्वतः आल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "आपण दोघांनी यायचं. पोरांनी काही केलंय." नाही म्हटलं असतं तर रोज जिन्यात गाठ पडणार. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून वर आले. आम्ही मुलं रांगेत पेले मांडून बसलो होतो. मी त्या रांगेत होते, काठी बाजूला ठेवलेली होती. इतके दिवस मी कुरडयांच्या आडून शिकत होते, आज आडोसा नव्हता. अण्णांनी मला पाहिलं. सगळ्यांदेखत त्यांनी मला उठवलं असतं तर मला उठावं लागलं असतं, आणि मग पुन्हा या घरात तोंड उघडायची मला हिंमत झाली नसती, हे मला त्या वयातही स्पष्ट कळत होतं.

"कुरडया राखणारी बरीच पुढे सरकलेली दिसते," अण्णा म्हणाले.

मी उठले नाही.

नलूताईंनी खेळ सांगितला. प्रत्येकानं आपल्या घरच्यांना विचारायचं, तुम्हाला कसं आवडतं, आणि तसं सरबत समोर करून द्यायचं. घरच्यांनी चव सांगायची. 'छान' चालणार नाही. छबीच्या वडिलांनी आलं मागितलं, मग ते फार झालं म्हणून तेच खोकले, सगळे हसले. मग माझी पाळी आली. अण्णांना मी विचारलं. ते म्हणाले, "आमचं तुला ठाऊक आहे." मी लिंबू पिळलं, साखर घातली, मात्र चमचा उभा राहील इतकी नाही. त्यांनी पेला घेतला, मान मागे टाकली आणि वरून सगळा रिकामा केला.

"छान आहे."

"छान हे उत्तर नाही, अण्णा," मी म्हणाले. "आणि ते तुमच्या जिभेला लागलंच नाही."

कोणीतरी हसलं. अण्णांचे कान लाल झाले. त्यांनी पेला चटईवर ठेवला आणि फार सौम्यपणे म्हणाले, "विजू, चला. आपण खाली चला."

माझे पाय आपोआप हलले होते. तेवढ्यात टाकीच्या सावलीतून आईचा आवाज आला. "थांब गं. घरातल्या सगळ्यांना विचारायचंय ना? मी राहिले."

ती उठून आली आणि माझ्यासमोर चटईवर बसली. चार लोकांत अण्णांच्या पुढे येऊन बसलेली मी तिला पहिल्यांदाच पाहिली. मी विचारलं, "आई, तुला कसं आवडतं?" तो प्रश्न विचारताना माझ्या लक्षात आलं, की तो तिला मी कधी विचारलेला नाही, आणि माझ्या समोर दुसऱ्या कोणी विचारलेलाही मला आठवेना.

अण्णाच म्हणाले, "तिला काय, जे सगळ्यांना तेच. घरी रोज तेच पिते."

"घरी मी विसळण पिते," आई म्हणाली.

खालून टाइपरायटरचा आवाजही नव्हता, रविवार होता. आई माझ्याकडे वळली आणि सांगू लागली, जसं एखादं घरातलं काम सांगते तसं. "साखर नको. अजिबात नको. लिंबू पूर्ण पिळ. मीठ घाल, आणखी घाल. जिरं आहे का? भाजलेलं? ते तळव्यावर चुरून घाल. आणि सालीचा एक तुकडा टाक त्यात, तो कडवटपणा मला हवा आहे." हे सगळं तिनं कुठे ठरवून ठेवलं होतं, किती वर्षं, मला माहीत नाही. मी तिनं सांगितलं तसं केलं. एकही बी पडू दिली नाही.

आईनं पेला घेतला. सवयीनं तिची मान किंचित मागे गेली आणि थांबली. मग तिनं मान सरळ केली, पदर सावरला आणि पेल्याला ओठ लावले. घोट घेतला, धरून ठेवला, गिळला. मग आणखी एक. कोणाकडे न बघता, घाई न करता तिनं तो पेला संपवला. संपल्यावर म्हणाली, "आधी खारट लागलं. मग जिभेच्या कडांना आंबट. जिरं नाकात आलं. आणि शेवटी कडू, टाळ्याला, अजून आहे." नलूताईंनी मान डोलावली, जशी त्या आम्हा मुलांना डोलावत.

अण्णांनी घसा साफ केला. हसण्यावारी न्यायचं त्यांनी ठरवलं असावं. "म्हणजे आता घरात दोन-दोन प्रकारची सरबतं. घर म्हणजे हॉटेल आहे का?"

"हॉटेलात निदान विचारतात," आई म्हणाली.

ती उठली, टाकीकडे गेली आणि उरलेल्या कुरडया पदरात गोळा करू लागली. मला खाली चला असं मग कोणी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा नेहमीच्या वेळी आले. पातेलं भरलेलं होतं, साखर तेवढीच होती. आईनं त्यांना दिलं, मधूला दिलं, मला विचारलं, मी कमी साखरेचं मागितलं, ते वेगळं करून दिलं. तिच्याकरता एक फुलपात्र बाजूला झाकून ठेवलेलं होतं, त्यात सालीचा तुकडा दिसत होता. अण्णा आपलं सरबत वरून प्याले. त्यांनी शेवटपर्यंत कधी भांड्याला ओठ लावले नाहीत, तो त्यांचा प्रश्न. मग आईनं रिकामं पातेलं उचललं, त्यात पाणी घातलं, गोल फिरवलं, तळाची साखर सुटेपर्यंत. अण्णा बघत होते, मीही बघत होते. ती मोरीपाशी गेली, पातेलं उलटं केलं आणि ते सगळं विसळण ओतून दिलं. मग येऊन खाली बसली, आपलं फुलपात्र उघडलं आणि ओठ लावले.